तेलातला रेटा ओळखणारे हात

रस्त्याच्या कामावर खोदणाऱ्या यंत्राला आपण सरसकट ‘पोकलेन’ म्हणतो. हे मूळ एका फ्रेंच कंपनीचं नाव. ‘जेसीबी’ ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांची आद्याक्षरं. त्यांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये आपला व्यवसाय सुरू केला. नावं आपल्या तोंडी रुळली आहेत, पण यंत्राच्या पोटात काय चालतं ते मेकॅनिकलाच ठाऊक.

खडक उचकटणारा तो लोखंडी हात चालतो तेलावर! इंजिन पंप फिरवतं, पंप तेल रेटतो आणि तेल सिलिंडरमधला दट्ट्या सरकवतं. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो साधारण सव्वादोन बार. वीस टनी पोकलेनमध्ये तेलाचा दाब ३५० बारच्या घरात जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५० किलोंचा रेटा. दट्ट्याचा व्यास १२ सेंटिमीटर धरला, तर एकूण रेटा भरतो जवळजवळ ४० टन. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम इथे डोंगर फोडतो.

एवढ्या ताकदवान यंत्राचा वैरी मात्र धुळीचा कण. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या भागांमधली फट जेमतेम काही मायक्रॉनची. डोळ्याला न दिसणारा कणही तिथे ओरखडे काढतो. म्हणून होज पाइप सोडवला, की जाणता मेकॅनिक आधी त्याची तोंडं बुचानं बंद करतो.

दुसरा धडा जिवाशी गाठ घालणारा. होजला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तरी तिथून सुटलेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. जखम दिसते टोचल्यासारखी, पण वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, प्रसंगी हातही गमवावा लागतो. त्यामुळे गळती कधीच हातानं चाचपायची नाही. पुठ्ठा धरून शोधायची. होज सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचं आणि अडकलेला दाब मोकळा करायचा.

तेलाची तर माणसाच्या रक्तासारखी तपासणी होते! नमुन्यात सिलिकॉन वाढलं, तर बहुधा धूळ शिरते आहे. तांबं वाढलं, तर बुश किंवा बेअरिंग झिजत असण्याची शक्यता. यंत्र बंद पडण्याआधीच आजार कळतो.

मेकॅनिक होण्याच्या वाटेची सुरुवात दहावीनंतर आयटीआयच्या एक वर्षाच्या डिझेल मेकॅनिक अभ्यासक्रमानं करता येते. पुढची विद्या मिळते उस्तादाच्या शेजारी, पाना हातात धरून. घरातल्या मुलानं किंवा मुलीनं ही वाट धरायची म्हटलं, तर त्या वाटेला कमी लेखू नका. तेलानं माखलेल्या त्या हातांमागे भौतिकशास्त्र जाणणारं डोकं लागतं.