बंब धुपतो तेव्हा

मावळात बंब बिघडायचा हंगाम ठरलेला असतो. आषाढ लागला, की ज्या घरांत अजून लाकडावर पाणी तापतं तिथून एकच तक्रार येते: "पेटत नाही, नुसता धुपतो." लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तेव्हा दोष ओल्या लाकडांवर ढकलून मोकळं होणं सोपं. एरवी बंबाला हसणारे सोलरवाले शेजारी या दिवसांत गप्प असतात. त्यांचंही पाणी गारच असतं.

नाणे मावळातल्या एका घरी असाच एक बंब उघडताना पाहिला. भांडं तांब्याचं, पण जाळी आणि राखेच्या तोंडाची चौकट बिडाची. दुरुस्तीला आलेले काका रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. आजींनी आल्याआल्या निदान सांगून टाकलं, "लाकडं वली हायेत, दुसरं काय न्हाय." काकांनी मान डोलावली आणि लाकडांकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यांनी राखेच्या तोंडाशी जळता कागद धरला. धुराच्या नळीला ओढ असली तर ज्योत आत वळते. इथे ती सरळ उभी राहिली, मग उलट बाहेरच झुकली. वरची टोपी काढून काकांनी नळीत साखळी सोडली आणि खडखडवली. निघालेली काजळी भुरभुरीत नव्हती. डांबरासारखी चिकट, चकाकणारी होती. ओल्या लाकडाचा धूर धड जळत नाही आणि पाण्यानं गार असलेल्या नळीला थरावर थर चिकटत जातो. "आजी, तुमचं निम्मं बरोबर," काका म्हणाले.

उरलेलं निम्मं खाली होतं. राखेच्या कप्प्यात उन्हाळ्यापासूनची राख ओल धरून दगडासारखी बसली होती, थेट जाळीला टेकलेली. जाळीच्या मधल्या गजांना पोक आलं होतं, एक तर तुटूनच पडला होता. बिडाची जाळी निखाऱ्यांखाली वर्षानुवर्षं टिकते ती खालून येणाऱ्या गार हवेमुळे. राख जाळीपर्यंत चढली की ती हवा बंद होते. गज प्रमाणाबाहेर तापतात, वाकतात, आणि त्यावर पाणी सांडलं की तडकतात. मग त्या फटीतून निखारे खाली पडतात आणि राख आणखी वाढते. धूर कोंडतो तो या सगळ्याच्या शेवटी. आपण शोधायला सुरुवात मात्र धुरापासून करतो.

काकांनी गजांवर हातोडी हलकेच वाजवली. धड गज टणकन वाजला, तडकलेला बद्द. "वेल्डिंग मारून घेऊ का?" नातवानं विचारलं. "बिडाला धरत नाही, बाळा."

हे अगदीच खरं नाही. बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो. त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि तडा त्या पापुद्र्यांच्या कडेनंच धावतो. साध्या रॉडनं एकाच जागी ताप दिला, तर टाका बसतो आणि शेजारी नवी चीर पडते. अख्खा तुकडा आधी तापवला, निकेलचा रॉड वापरला आणि नंतर कोरड्या वाळूत पुरून सावकाश निवू दिला, तर जोड टिकतो. पण रोज तापणाऱ्या जाळीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही, असं मलाही वाटलं. कामशेतच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून १२ मिलिमीटरच्या लोखंडी सळ्यांची जाळी करून आणली. लोखंड वाकेल, पण ठोकून सरळ करता येईल.

राखेच्या तोंडाची चौकटही चिरली होती; ती मात्र काकांनी वाचवली. चिरेच्या अगदी टोकाला ड्रिलनं बारीक भोक पाडलं. टोकाशी एकवटणारा ताण भोकाच्या गोल कडेवर पसरतो आणि चीर पुढे सरकायची थांबते. आतून लोखंडी पट्टी लावून नटबोल्ट बसवले, तेही करकचून नाही. तापल्यावर पट्टी आणि चौकट सारखी फुगत नाहीत. पट्टीला हलायला जागा लागते.

मग आधी पाणी भरलं. रिकाम्या बंबाखाली जाळ करायचा नाही, हे या घरातल्या पोरांनाही ठाऊक आहे. सांध्याचा डाग दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. आत पाणी असेपर्यंत सांधा एवढा तापतच नाही. तरीही कधीतरी कुणीतरी जाळ केलाच असणार, कारण तोटीचा सांधा ठिबकत होता. आजींनी माळ्यावरच्या बाभळीच्या कोरड्या ढलप्या काढून दिल्या. पहिली दोनचार मिनिटं धूर घरभर झाला, मग नळी तापली आणि जाळ घूं घूं करत वर ओढला गेला.

तोटीचं काम काकांनी अंगावर घेतलं नाही. ते तांबटाचं, आणि तांबट आळी पुण्यात, कसब्यात. भाताची लावणी उरकेपर्यंत घरातलं कुणी पुण्याला जाणार नव्हतं. तोवर तोटीखाली तपेलं ठेवलंय. आजींची त्याबद्दल काही तक्रार नाही. तेवढं कोमट पाणी भांड्यांना होतं, म्हणाल्या.