‘नेट बंद’ म्हणजे नेमके काय बंद?

धुळ्याच्या देवपुरातल्या एखाद्या दुकानात कार्डाचे मशीन अडले, मागच्या खोलीतला बिलिंगचा डेटा उघडेना किंवा ई-वे बिल निघेना, की तिन्ही तक्रारींना एकच नाव मिळते: नेट बंद. खरे तर या तीन वेगळ्या वाटा आहेत. कार्डाचे मशीन पुष्कळदा स्वतःच्या सिमवर चालते. बिलिंगचा डेटा दुकानातल्याच दुसऱ्या संगणकावर असेल, तर त्याची वाट दुकानाबाहेर जातच नाही. ई-वे बिलाला मात्र बाहेर जावेच लागते. कोणती वाट तुटली हे आधी ठरले, तर निम्मी धावपळ वाचते.

वायफायच्या सगळ्या रेघा दिसतात म्हणजे इंटरनेट ठीक आहे, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. त्या रेघा फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलचा जोर सांगतात. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच डब्यापर्यंत पोचत नाही. तिथे राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही; सेवा देणाऱ्यालाच कळवावे लागते.

सर्वांत जास्त घोळ घालतो तो जुना राउटर. गोडाऊनपर्यंत वायफाय पोचावे म्हणून तो कपाटातून निघतो आणि जिथे केबल बसेल तिथे जोडला जातो. राउटरमधली डीएचसीपी ही सोय प्रत्येक संगणकाला पत्ता वाटते आणि बाहेर जायचे दार कोणते, तेही सांगते. मुख्य राउटर 192.168.1.1 आणि जुना 192.168.0.1 असे दोघे एकाच तारेवर पत्ते वाटू लागले, की ज्याचे उत्तर आधी आले त्याचा पत्ता संगणक घेतो. म्हणून सकाळी चाललेला संगणक दुपारी अडतो आणि शेजारचा सुरळीत चालतो. दोष संगणकाचा ठरतो, विंडोज नव्याने टाकले जाते, दुखणे तसेच राहते.

ते ओळखायला विंडोजच्या ‘कमांड प्रॉम्प्ट’ या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करणे पुरते. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर 192.168.0.1 दिसले, तर संगणक चुकीच्या दाराशी उभा आहे. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर पत्ता देणारे कोणी भेटलेच नाही. आधी केबल आणि स्विच पाहावा. जुन्या राउटरचा डीएचसीपी बंद करून, त्याला 192.168.1.2 असा मोकळा पत्ता देऊन केबल लॅनच्या खाचेत लावली, की तो निमूट वायफाय पुरवतो. केबल वॅनच्या खाचेत लावली, तर त्याच्यामागे वेगळेच जाळे तयार होते: इंटरनेट चालते, पण पुढच्या काउंटरवरून मागचा प्रिंटर दिसत नाही.

एकही साइट उघडत नाही म्हणजे लाइन तुटली, असेही नाही. 8.8.8.8 ला पिंग केल्यावर उत्तर येत असेल, तर वाट चालू आहे. बहुधा साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे.

कॅमेऱ्याचे पोर्ट राउटरमध्ये उघडले की घरबसल्या दुकान दिसेल, हे नेहमीच खरे नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही4) पत्ते सुमारे 430 कोटीच आहेत आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी 2011 मध्ये वाटून संपला. म्हणून अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला जातो. राउटरच्या वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 यांच्यात असेल, तर बाहेरून येणारा दुकानापर्यंत पोचतच नाही. स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यावा लागतो किंवा व्हीपीएन वापरावे लागते.

व्हीपीएनलाही एक अट आहे. पांझरा नदीच्या उत्तरेला देवपुरात दुकान, पलीकडे गोडाऊन आणि दोन्हीकडे 192.168.1 चेच पत्ते असतील, तर पलीकडचा संगणक आपल्याच खोलीत आहे असे समजून इकडचा संगणक राउटरला विचारतच नाही. एका बाजूचे पत्ते 192.168.20 असे बदलावेत आणि दोन्ही राउटरांवर एकमेकांची वाट लिहावी. एकाच बाजूला लिहिली, तर निरोप पोचतो, उत्तर परतत नाही.

आणि राउटरच्या बारीक भोकातले रीसेटचे बटण म्हणजे रीस्टार्ट नव्हे. ते काही सेकंद दाबून धरले, की कनेक्शनचे युजरनेम आणि पासवर्डही पुसले जातात.