आमिश व मेनोनाइट : शेजाऱ्यांच्या नजरेंतून

अमेरिकेच्या पेनसिल्व्हानिया संस्थानांत लँकेस्टर नांवाचा जिल्हा आहे. तेथील डांबरी रस्त्यावरून मोटारी भरधांव धांवत असतात, आणि त्याच रस्त्याच्या कडेनें करड्या रंगाची एक चौकोनी घोडागाडी टापांचा आवाज करीत संथपणें जात असते. आंत दाढी राखलेला परंतु मिशी काढलेला, रुंद काठाची टोपी घातलेला पुरुष; शेजारीं साध्या एकरंगी पोषाखांतील त्याची पत्नी. हे आमिश लोक. त्यांना पाहावयास दरवर्षीं लाखों प्रवासी येतात, आणि यांचें घड्याळ तीनशें वर्षांपूर्वींच बंद पडलें, असा निर्णय देऊन संध्याकाळीं परत जातात.

कुंपणापलीकडे ज्याची हयात गेली तो शेजारी असें म्हणणार नाहीं. या शेजाऱ्याला, मग तो कोणत्याहि वंशाचा असो, आमिश लोक ‘इंग्रज’ म्हणतात! आपल्याला याची मौज वाटेल. पण घरीं जर्मन बोली बोलणाऱ्या या लोकांच्या दृष्टीनें बाहेरचें सारें जगच इंग्रज.

त्यांचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतों. १५२५ सालीं स्वित्झर्लंडमधील झुरिच येथें कांहीं ख्रिस्ती लोकांनीं असें ठरविलें कीं, बाप्तिस्मा जाणत्या वयांत स्वेच्छेनें घ्यावयाचा, आणि शस्त्र हातीं धरावयाचें नाहीं. याबद्दल पुष्कळांना बुडवून व जाळून मारण्यांत आलें. १५३६ मध्यें मेनो सायमन्स हा डच धर्मोपदेशक आपला जुना पंथ सोडून त्यांना मिळाला. त्याच्यावरून मेनोनाइट हें नांव पडलें. १६९३ मध्यें याकोब अम्मान याचे कडक अनुयायी वेगळे झाले, तेच आमिश. पुढें दोघांनाहि पेनसिल्व्हानियांत आसरा मिळाला.

बाहेरचा मनुष्य या दोघांची गल्लत नेहमीं करितो. वस्तुतः बहुतेक मेनोनाइट आज चारचौघांसारखेच राहतात. मोटारी चालवितात, महाविद्यालयें व रुग्णालयें चालवितात. त्यांच्यांतील एक शाखा आपल्याला परकी नाहीं. १८९९ सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मेनोनाइटांनीं तेव्हांच्या मध्यप्रांतांतील धमतरी येथें आपलें ठाणें वसविलें. मात्र घोडागाडी न सोडलेले जुन्या वळणाचे मेनोनाइटहि लँकेस्टरमध्यें आहेत. त्यांची गाडी काळी, आमिशांची करडी. गांवकरी लांबूनच ओळखतो.

आतां यंत्रांविषयीं. आमिश गोठ्यांत डिझेल इंजिनावर दूध थंड करण्याचें यंत्र चालतें. टेलिफोनहि असतो, पण घरांत नव्हे. शेताच्या कडेला एका लहानशा खोपटांत. आमिश मोटार बाळगीत नाहीं, पण शेजाऱ्याला भाडें देऊन त्याच्या मोटारींत बसतो. यावरून कांहीं शेजारी त्यांना ढोंगी म्हणतात. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. वीस ते चाळीस कुटुंबांची एक मंडळी, दर दुसऱ्या रविवारीं कोणाच्या तरी घरीं प्रार्थना, आणि हीं सर्व घरें घोड्याच्या टप्प्यांत, अशी त्यांची रचना आहे. दारांत मोटार आली कीं ही रचना विसकटते. भाड्याची मोटार मागवितांना मनुष्य दोनदां विचार करितो, आणि रात्रीं घरीं परत येतो. यंत्र वाईट काय, असें ते विचारीत नाहींत. त्यानें आपली मंडळी टिकेल कीं फुटेल, असें विचारतात.

शाळेचा प्रश्न मात्र इतका सोपा नाहीं, आणि सारें आयुष्य फळ्यापुढें काढलेल्या मनुष्याला तो टाळतांहि येत नाहीं. आमिश मुलें आपल्या एकखोली शाळेंत आठवीपर्यंत शिकतात. पुढें शेत, सुतारकाम, घरकाम. १९६५ च्या नोव्हेंबरांत आयोवा संस्थानांतील हेझलटन गांवाजवळ अधिकारी या मुलांना बसमध्यें घालून सरकारी शाळेंत नेण्यास आले. मुलें मक्याच्या शेतांत पळालीं. त्या पळापळीचें छायाचित्र वृत्तपत्रांतून देशभर गेलें आणि लोकमत आमिशांच्या बाजूनें वळलें. पुढें विस्कॉन्सिनमध्यें आठवीनंतर मुलांना शाळेंत न पाठविल्याबद्दल तीन बापांना प्रत्येकीं ५ डॉलर दंड झाला. कोर्टाची पायरी चढणें हें आमिशांच्या धर्मांत बसत नाहीं. तेव्हां विल्यम लिंडहोम या ल्यूथरपंथी पाद्र्यानें व इतर परपंथीयांनीं पुढाकार घेऊन वकील दिला. १५ मे १९७२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आमिशांच्या बाजूनें निकाल दिला.

निकालांत या लोकांच्या उद्योगीपणाची वाखाणणी आहे, आणि ती यथार्थ आहे. परंतु न्यायमूर्ति डग्लस यांनीं अंशतः भिन्न मत दिलें. बापाचें म्हणणें आपण ऐकलें, मुलाला कोणी विचारलें? त्याला पियानो वाजवावयाचा असेल, समुद्राचा अभ्यास करावयाचा असेल, तर? माझा कौल डग्लस यांच्या बाजूनें आहे. शेंकडा सुमारें ८५ तरुण मोठेपणीं आमिशच राहतात, असें उत्तर मिळतें. पण दुसऱ्या वाटेचें पाथेयच ज्याला दिलें नाहीं, त्याच्या राहण्याला निवड म्हणावें काय?

२ ऑक्टोबर २००६ रोजीं निकेल माइन्स येथील आमिश शाळेंत एका इंग्रज शेजाऱ्यानें, आमिश गोठ्यांतूनच दूध गोळा करणाऱ्या गाडीवानानें, पांच मुलींना गोळ्या घालून मारिलें आणि स्वतःचाहि अंत केला. त्याच दिवशीं कांहीं आमिश त्याच्या विधवेचें सांत्वन करावयास गेले. त्याच्या दफनालाहि अनेकजण हजर राहिले. जग थक्क झालें. त्या क्षमेपुढें मीहि नतमस्तक आहें. परंतु अलीकडे कांहीं आमिश स्त्रियांनीं उघडपणें सांगितलें आहे कीं, घरच्याच माणसानें अत्याचार केला असतां त्यांना क्षमा करावयास लावून गप्प बसविलें गेलें. दूरच्या स्तुतिपाठकांना ही दुसरी बाजू दिसत नाहीं. स्वतःची क्षमा देणें निराळें आणि दुसऱ्याकडून ती वसूल करणें निराळें.

शेजाऱ्याचा संबंध मात्र स्तुति आणि निंदा यांच्या पलीकडे रोज चालू असतो. लँकेस्टरकडील खेड्यांत आगीचे बंब स्वयंसेवक चालवितात. त्या दलांत आमिश तरुणहि असतात. ते बंबावर चढून जातात, नळी धरतात, परंतु बंब हांकण्याचें काम इंग्रज शेजाऱ्याकडे असतें. खर्चासाठीं वसंताच्या तोंडीं, जमीन चिखलानें भरलेली असतांना, लिलाव भरतो. आमिश स्त्रियांनीं शिवलेल्या गोधड्या, जुनीं औतें, घोडे व गाड्या विकल्या जातात. बोली दोघेहि लावतात, आणि येणारा पैसा बंबाला जातो.