हाताला रुळलेली वस्तू

माझ्या मेजाच्या खणात आजोबांच्या वेळचा एक कलदार रुपया आहे. त्यावरील राजाच्या मुद्रेचे नाकडोळे वर्षानुवर्षांच्या हाताळणीने पुसट झाले आहेत, पण कडेचे बारीक दाते अजून बोटाला जाणवतात. आणि दिवसाचे व्यवहार आटोपल्यावर ज्या हस्तलाघवाच्या छंदात मी रमतो, त्याला याच्याइतके सोयीचे नाणे मला दुसरे आढळले नाही. कंपनी सरकारने 1835 साली आपल्या साऱ्या इलाख्यांसाठी एकच रुपया ठरवून दिला, तेव्हा त्याचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम ठेवले, आणि त्याचा व्यास 30 मिलिमीटरांच्या किंचित वर गेला. ते ठरवताना टांकसाळीच्या अंमलदारांच्या मनात जादूगाराचा तळहात असण्याचे काही कारण नव्हते. परंतु पाश्चात्त्य जादूगारांनी ज्या अमेरिकन अर्ध्या डॉलरवर पिढ्यानुपिढ्या हात बसवला, त्याचाही व्यास 30.6 मिलिमीटरच आहे, आणि या योगायोगाचे मोल नाणे हातात धरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा एक उंचवटा असतो व त्याच्या समोर, करंगळीच्या बाजूस, दुसरा. नाणे दडवावयाचे ते या दोन उंचवट्यांच्या मध्ये, आणि तेही असे की हात उपडा केला तरी ते पडू नये, पाचही बोटे मोकळी राहावीत व त्याच हाताने चहाचा पेलाही उचलता यावा. नाणे जितके लहान तितके ते लपवणे सोपे, असा नवशिक्याचा समज असतो. अनुभव नेमका उलटा येतो. आजचा आपला रुपया जेमतेम 22 मिलिमीटरांचा असल्यामुळे त्याला धरून ठेवण्यासाठी दोन्ही उंचवटे एकमेकांकडे ओढून घ्यावे लागतात, अंगठा आत दुमडतो, बोटे ताठरतात, आणि प्रेक्षकाला नाणे दिसले नाही तरी आखडलेला हात दिसतोच. हस्तलाघवातील बहुतेक फजित्यांचे मूळ मला येथे सापडले आहे. साधन हाताला टोचत असेल, निसटत असेल किंवा जड जात असेल, तर हात त्याची तक्रार चारचौघांत नोंदवतो, आणि कितीही गोड बोलून ती तक्रार झाकता येत नाही. म्हणून साधन हाताळावयास सुखकर करणे हे काम सरावाच्या आधीचे आहे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

नाण्याच्या बाबतीत झीज ही मोठी उपकारक गोष्ट आहे. पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झालेली दोन नाणी एकमेकांवरून सरकताना खरखरत नाहीत. नवी कोरी नाणी मात्र हातात एकमेकांस लागली की किणकिणतात, आणि जादूगारांच्या परिभाषेत नाणी ‘बोलू’ लागतात. चांदीचे नाणे त्यातल्या त्यात मवाळ आवाजाचे. मात्र कडेचे दाते शाबूत हवेत, कारण तळहाताच्या कातडीला पकड मिळते ती त्यांच्यामुळे. ही झीज घाईने आणण्यासाठी कानस चालवण्याचा मोह कोणाला होईल, तर चलनातील नाणे विद्रूप करण्यास 2011 च्या नाणेविषयक कायद्याची मनाई आहे हे ध्यानात ठेवावे. आणि कायदा बाजूस ठेवला तरी कानशीने कडा बोथट होतात. चार-पाच नाणी खिशात एकत्र बाळगावीत. वर्षा-दोन वर्षांत ती आपोआप हाताला रुळतात.

पत्त्यांची गोष्ट निराळी. अमेरिकेत 1885 सालापासून निघणाऱ्या ‘बायसिकल’ छापाच्या पत्त्यांवर जादूगारांची मर्जी बसली ती त्यांच्या चित्रांपेक्षा त्यांच्या पृष्ठभागामुळे. त्यावर अतिसूक्ष्म खळग्यांची नक्षी दाबलेली असते. त्या खळग्यांत हवा राहते आणि पत्ता पत्त्यावरून अलगद घसरतो. निव्वळ गुळगुळीत पत्ते एकमेकांना चिकटून गठ्ठ्याने सरकतात. रुंदीचाही विचार आहे: नेहमीचा पत्ता अडीच इंच रुंद असतो, ब्रिजचा सव्वादोन इंच, ज्याची बोटे आखूड आहेत त्याने दुसरा खुशाल घ्यावा, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडच्या सावंतवाडीच्या गंजिफा देखण्या खऱ्या, पण त्या गोल. बोटाला टेकण्यासाठी त्यांना कोपराच नाही. नवा कॅट एकदम जोराने न वाकवता थोडे थोडे पत्ते घेऊन एकदा एका बाजूस व एकदा दुसऱ्या बाजूस हलकेच वाकवावेत, म्हणजे कागदाचा ताठरपणा जातो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, कागद हवेतला ओलावा पिऊन फुगतो व वाकडा होतो. तेव्हा कॅट घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून ठेवणे बरे. पत्ते निसरडे करण्यासाठी झिंक स्टिअरेटची भुकटी लावण्याचा दस्तूर जुना आहे, पण ती श्वासावाटे छातीत जाणे अपायकारक असल्यामुळे मी ती वापरत नाही; हात साबणाने धुऊन कोरडे केले तरी पुष्कळ काम भागते.

वाट्या आणि गोळ्यांच्या खेळात तर साधनाच्या सुखकरतेचा सारा इतिहासच पाहावयास मिळतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने पहिल्या शतकात एका पत्रात या खेळाचा उल्लेख केला आहे. त्या काळी पेल्यांखाली असत ते खडे. खडा वाजतो, घरंगळतो, बोटांच्या बेचक्यात रुततो. पुढे पाश्चात्त्य जादूगारांनी बुचाच्या गोळीवर क्रोशाच्या सुईने सुती आवरण विणले, आणि गोळी मुकी झाली, शिवाय पकडीला खरबरीतही. आपल्या रस्त्यावरच्या गारुड्याने हेच काम चिंध्या घट्ट गुंडाळून साधले. पण त्याची खरी करामत वाटीत आहे. त्याच्या छोट्या लाकडी वाटीला वर देठासारखी गाठ असते. ती दोन बोटांच्या बेचक्यात धरली की वाटी उचलताना तळहात, अंगठा व उरलेली बोटे पूर्णपणे मोकळी राहतात. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या, मेजाचा आधार नसलेल्या माणसाच्या गरजेतून आलेली ही घडण मला पितळी पेल्यांपेक्षा अधिक शहाणी वाटते.

दोरीचा खेळ करणाऱ्याने सुती विणलेल्या दोरीतील गाभा ओढून काढावा, खळ धुऊन टाकावी. ती रेशमासारखी लोळू लागते.

अर्जेंटिनाचे पत्त्यांचे जादूगार रेने लावांद (1928–2015) यांचा उजवा हात नवव्या वर्षी अपघातात गेला. पत्त्यांची सारी पुस्तके दोन हातांच्या माणसासाठी लिहिलेली. त्यामुळे त्यांना प्रत्येक हालचाल डाव्या हातासाठी नव्याने घडवावी लागली. पण त्यांचा एक अतिशय गाजलेला खेळ पत्त्यांचा नव्हता. एक पेला आणि पावाच्या तीन लहान गोळ्या, एवढेच त्याचे साहित्य. ते वाचल्यापासून मीही उजवा हात पाठीशी घेऊन सराव करू लागलो आहे. भाकरीची गोळी वळताच भुगा होते, कणकेची बोटाला चिकटते. लादीपावाच्या मऊ गाभ्याची मात्र हवी तेवढी लहान वळता येते, आवाज करत नाही, आणि बोटांच्या पेरावर जणू तेथलीच असल्यासारखी बसते. अर्ध्याएक तासाने ती वाळून टणक होते, पेल्याच्या काठाला लागून टिचकी मारल्यासारखी वाजते, आणि मग पावाचा नवा तुकडा मोडून नवी वळावी लागते.