वाचणारा कुठे अडतो?

श्रोतेहो, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं सॉफ्टवेअरपाशी काय काम, असं तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. पण आजचा विषय प्रोग्राम लिहिण्याचा नाही. तो कसा वापरायचा, हे दुसऱ्याला लिहून सांगण्याचा आहे. आणि शब्दातून ज्ञान कसं होतं, हा प्रश्न तर आमच्या घरचाच.

इथल्या धरणापासूनच सुरुवात करू. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. अबॅकस नावाचं इंजिनिअरिंगचं एक सॉफ्टवेअर आहे. विकतचं, मुक्त नव्हे. त्याच्या माहितीपुस्तिकेतलं एक उदाहरण आपल्या कोयना धरणाचं आहे. त्या भूकंपात नोंदलेली त्वरणं घेऊन १०३ मीटर उंचीच्या भिंतीला तडे कुठे जातात, ते त्यात गणितानं काढलंय. पाण्याकडची बाजू सरळ उभी धरली आहे, प्रत्यक्षात ती जराशी वेगळी आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. मला ते फार आवडलं. काय गृहीत धरलं हे सांगितलं नाही, तर विद्यार्थी चित्रातल्या भिंतीलाच खरी भिंत समजतो.

आता मुक्त सॉफ्टवेअरकडे येऊ. भूकंपाच्या नोंदी वाचण्यासाठी पायथन भाषेत ऑब्सपाय नावाची लायब्ररी आहे. जर्मनीत, म्युनिकच्या विद्यापीठात ती सुरू झाली. कोणीही फुकट घ्यावी, आतून उघडून बघावी. तिच्यातली एक सोय बघा. 'रीड' ही आज्ञा नुसत्या रिकाम्या कंसासह दिली, तरी ती बव्हेरियातल्या एका केंद्राची नमुना नोंद उघडून देते. तीन दिशांच्या तीन रेषा, सेकंदाला १०० मोजमापं, प्रत्येकी ३०००. म्हणजे ३० सेकंद, हे पोरगं बोटांवर मोजून पडताळतं. फाइल कुठून आणायची, कुठे ठेवायची, ही कटकटच नाही. नवखा माणूस बहुतेक वेळा विज्ञानात अडत नाही हो, तो फाइल सापडत नाही म्हणून उठून जातो.

पण इथेच एक खाचही आहे. त्या रेषेवरचे आकडे जमिनीचा वेग नसतात. यंत्र जमिनीच्या हालचालीचं विजेच्या दाबात रूपांतर करतं आणि त्या दाबाचे नुसते पूर्णांक नोंदले जातात. त्यांना 'काउंट्स' म्हणतात. यंत्राचा प्रतिसाद हिशेबात घेतल्याशिवाय दोन केंद्रांची तुलना करणं म्हणजे पायलीनं मोजलेलं धान्य आणि किलोनं मोजलेलं धान्य शेजारी ठेवून कमीजास्त ठरवणं. ही दुरुस्ती ऑब्सपायच्या धड्यांत आहे, पण वेगळ्या धड्यात. माझं मत असं, की पहिल्या आलेखाखालीच एका ओळीत 'हे काउंट्स आहेत' असं बजावावं. धरणाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना या चुकीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण तो आप्ताचा हवा: ज्याला ठाऊक आहे आणि जसं ठाऊक तसंच सांगण्याची इच्छा आहे, असा. सॉफ्टवेअरमध्ये गंमत अशी की लिहिणारा आप्त असतो, त्या दिवशी त्याचं खरंही असतं, आणि पुढच्या आवृत्तीत तेच वाक्य खोटं ठरतं. यावर पायथनमध्ये 'डॉकटेस्ट' नावाचा उपाय आहे. माहितीत लिहिलेलं उदाहरण यंत्र स्वतः चालवून बघतं. छापलेलं उत्तर आणि मिळालेलं उत्तर जुळलं नाही, तर तक्रार करतं. शब्दाची प्रत्यक्षाशी रोजची गाठ! मात्र उदाहरण चालतं एवढंच त्यातून कळतं, ते समजतं की नाही हे नाही.

त्यासाठी माणूसच लागतो. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात धड्याची संहिता दोन रकान्यांत लिहितात: एकात पडद्यावर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचं. मग ते सॉफ्टवेअर न येणाऱ्या माणसाकडून ती तपासून घेतात. मराठी धड्यांत आवाज मराठी, पडदा इंग्रजीच. मला हे पटतं, कारण उद्या मुलाला दाबायचं बटण इंग्रजीच असणार.

इथल्या कोणाला कोयनेच्या नोंदींवर मराठीत असा धडा लिहायचा असेल, तर कच्चा खर्डा अकरावीच्या दोन मुलांना द्या आणि मागे उभे राहा. ती कुठे थांबतात ते टिपून घ्या. मध्ये बोलायचं मात्र नाही. मास्तरांना तेच सर्वांत अवघड जातं. आता तुमचे प्रश्न घेऊ.