दिंडीच्या मागे दिवा हवा

आषाढीच्या वेळी सूर्य सातनंतर मावळतो. कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवर सहाच्या आतच दिवस बुडतो. मुक्कामाचं गाव गाठायची घाई असते ती नेमकी त्याच वेळी. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी सांगोला तालुक्यात जुनोनीजवळ, करवीर तालुक्यातल्या जठारवाडीच्या दिंडीत मोटार घुसली आणि ७ वारकरी दगावले. त्या वर्षी देशभरात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मेले. अशा बातमीनंतर सगळा राग चालकावर निघतो, आणि पुष्कळदा तो रास्तही असतो. पण अंधारात चालणारा माणूस किती अंतरावरून दिसतो, हा हिशेब मांडल्याशिवाय पुढची दिंडी सुखरूप पोचणार नाही.

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. धोका उमगून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ३३ मीटर तिथेच संपतात; कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक मीटर लागतात. म्हणजे जवळपास ७० मीटर. डिप्परच्या उजेडात गडद कपड्यांतला माणूस मात्र बहुधा याच्या निम्म्या अंतरावर आल्यावरच लक्षात येतो. वारकऱ्यांचे कपडे पांढरे असतात, असं कोणी म्हणेल. पण विणेकऱ्याच्या मागे डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायकांची लुगडी हिरवी, जांभळी असतात, आणि थंडी पडली की धोतर-सदऱ्यावरही घोंगडी येते. शिवाय डिप्परचा झोत खाली, पावलांकडे पडतो. म्हणून चमकपट्टी घोट्याला बांधावी. छातीवरची पट्टी दुरून खांबावरच्या रिफ्लेक्टरसारखी वाटू शकते. घोट्यावरची पावलागणिक हलते आणि चालकाला शंभरेक मीटरवरूनही ‘माणूस चालतोय’ हे कळतं. चालणाऱ्याची फसगत वेगळीच असते. त्याला गाडीचे दिवे लांबूनच दिसतात, म्हणून आपणही चालकाला दिसतोय असं तो धरून चालतो.

पट्टी बांधायला सांगणं म्हणजे मेलेल्याच्याच माथी दोष मारणं, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. फिनलंडमध्ये अंधारात रिफ्लेक्टर लावायला कायदाच सांगतो, पण तेवढ्याने चालकाची जबाबदारी सुटत नाही. सुटूही नये, कारण ताशी १०० चा वेग असेल तर पट्टीने मिळवून दिलेले शंभर मीटर थांबण्यातच संपतात. त्यामुळे दिंड्यांच्या वाटांवर त्या आठ-दहा दिवसांत, निदान संध्याकाळनंतर, वेग ४० वर आणलाच पाहिजे. वाहतूक खोळंबेल म्हणावं, तर ८० ऐवजी ४० ने गेल्यास १० किलोमीटरला साडेसात मिनिटं जास्त लागतात. वारकऱ्यांनी रात्री चालूच नये, हे म्हणणं सोपं. पण दिवस लहान आणि एकादशीची तिथी ठरलेली, तेव्हा शेवटचे दोन-तीन किलोमीटर अंधारात पडायचेच. बहुतेक दिंड्यांबरोबर सामानाचा टेंपो असतो आणि तो स्वयंपाकासाठी पुढे निघून जातो. शिधा उतरवून तो दिवेलागणीपूर्वी मागे आणता येईल, आणि मागचे इंडिकेटर लुकलुकते ठेवून तुळशीवाल्या बायकांच्या पाठीशी मुक्कामापर्यंत सावकाश चालवता येईल.