ऊस शेतकऱ्याचा, माहिती कोणाची?

तोडीची टोळी कधी येणार, हे कोल्हापूरच्या ऊस पट्ट्यात बरेचदा कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे शिवारातल्या कर्मचाऱ्याला, विचारावं लागतं. लागणीची तारीख नोंदलेली असते, तरी पाळी मागंपुढं होतेच. मग शिरोळ-हातकणंगल्याचा शेतकरी कधी गोडीनं, कधी भांडून बोलतो. हा क्रम उद्या उपग्रहाची चित्रं बघून संगणकानं ठरवला, तर वशिला कदाचित संपेल. पण भांडायचं कोणाशी?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सल्ल्यावर ऊस पिकवून दाखवला. रानात हवामान केंद्र, मातीत ओल मोजणारे सेन्सर, वर उपग्रह. पाणी-खताचा निरोप थेट मोबाइलवर. पुढं हेक्टरी २५,००० रुपये खर्चाची वाटणीही ठरली : शेतकरी ९,०००, कारखाना ६,७५०, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ९,२५०.

पैसे तिघांचे. मग रानाची माहिती कोणाची?

काटामारीच्या, म्हणजे वजन कमी दाखवल्याच्या संशयावरून आंदोलनं पेटलेल्या मुलखात हा प्रश्न पुस्तकी नाही. किती टन निघणार, हा संगणकाचा अंदाज शेतकऱ्याच्याही हाती असेल, तर तो काट्यावरच्या वजनाशी ताडून पाहील. फक्त कारखान्याकडं असेल, तर पारडं आणखी झुकेल. तोच अंदाज उद्या बँकेकडं गेला आणि पीककर्ज अडलं, तर कारण सांगायला कोण बांधील? ओल मोजायला दिलेली संमती पत मोजायला कशी चालेल?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. माहिती कशासाठी घेतली जाते ते आधी सांगायचं, आणि मागितलं तर मराठीतही द्यायचं, असं तो म्हणतो. पण त्यात एक फट आहे. उपग्रहाच्या चित्रावर कोणाचं नाव नसतं. गट नंबर जुळवला, की ऑनलाइन सातबारा नाव सांगतो. आणि कायद्याच्या बंधनामुळं जी माहिती जाहीर करावी लागते, तिला हा कायदा लागू होत नाही. शिवाय आधार आणि जमीन एकत्र जोडणारा शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी सक्तीचा झाला आहे. जुळवाजुळव त्यानं सोपीच होते.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर दोन गळीत हंगाम उरकलेले असतील आणि त्यांची माहिती कोणाच्या तरी सर्व्हरवर पडून असेल.